अमेरिका बंद केली

न्यू जर्सीची भाची आली त्याच दुपारी, पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता सहज म्हणाली, "मावशी, अमेरिका बंद केली मी."

मला वाटलं, सोडली नोकरी. ताईचा तर घास हातातच राहिला. मग पोरीने मोबाइल पुढे केला. सेटिंग्जमध्ये दोन लाइनी. एकीला तिने नाव दिलेलं 'अमेरिका', दुसरीला 'इंदूर'. अमेरिकेचं बटण करडं, इंदूरचं हिरवं. तिकडचा नंबर इथे चालू राहिला आणि एखादा फोन उचलला गेला, तर रोमिंगचे डॉलर लागतात. म्हणून विमान टेकलं की ही आधी अमेरिका बंद करते आणि मग बॅग घ्यायला जाते.

तिच्या फोनला सिमची खाचच नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना ती २०२२ पासून, म्हणजे आयफोन १४ पासून, ठेवलेलीच नाही. सगळा कारभार ई-सिमचा, नंबर फोनमधल्या चिपमध्येच उतरवून घ्यायचा. सिम काढायची पिन मी अजून शिवणाच्या डब्यात जपून ठेवलेय. ती पाहून पोरगी इतकी हसली की मी डबा मिटूनच टाकला.

माझ्याही फोनात एक ई-सिम आहे. तिने मला शिकवायला घेतलं. "हे बटण बंद करायचं. खालचं लाल दाबायचं नाही हं." बटण बंद केलं तर नंबर आत पडून राहतो, पुन्हा चालू केलं की मिनिटाभरात रेंज. लाल दाबलं तर नंबर चिपमधूनच पुसला जातो, मग कंपनीला पुन्हा विनवा. दोन्ही बटणं एकाच पानावर ठेवणाऱ्याला मी तरी हुशार म्हणणार नाही.

रात्री तिला तिकडच्या बँकेचं काम निघालं. बँक कोड पाठवणार तो अमेरिकेच्या नंबरावर. मग काय, सगळी निजानीज झाल्यावर अमेरिका थोडा वेळ उघडली, कोड आला, अमेरिका मिटली. ताई अंथरुणातून म्हणाली, "झाली का गं बंद? आता दिवा पण घालव."

आमच्या नानांना हे बटण फार आवडलं असतं. रामबागेतल्या आमच्या वाड्यात फोन एकच, नानांचा. काळा, जड, नंबर फिरवायचा. अर्ध्या वाड्याच्या लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर तोच नंबर छापलेला, पुढे कंसात 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस बोलावून द्यायचा. फोन वाजला की आम्हा मुलांपैकी कोणीतरी जिन्याखालून ओरडत सुटायचं. पण दुपारी जेवणं झाली की नाना रिसीव्हर उचलून शेजारी पंचाच्या घडीवर आडवा ठेवत आणि स्वतःही आडवे होत. रिसीव्हर आधी गुणगुणायचा, मग रडायचा, मग गप्प व्हायचा. चार वाजेपर्यंत अख्खा वाडा जगापासून तुटलेला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा भिलाईला. त्याचा ट्रंक कॉल कधी येईल याचा नेम नाही. काकू दुपारी अनवाणी जिना उतरायच्या, रिसीव्हर अलगद जागेवर ठेवायच्या, तशाच वर जायच्या. नाना कूस वळवताना डोळा किलकिला करून पाहायचे, उठायचे आणि रिसीव्हर पुन्हा पंचावर. मी मधल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे, म्हणून मला हे ठाऊक. दोघं एकमेकांशी यावर कधीही एक शब्द बोलली नाहीत. संध्याकाळी काकू वाटीभर श्रीखंड आणून द्यायच्या आणि नाना ते मिटक्या मारत खायचे.

यातली खरी मजा पलीकडे होती. फोन करणाऱ्याला एंगेज टोन ऐकू यायचा. म्हणजे नाना घोरत असले तरी गावाच्या लेखी ते कामात. एकदा उज्जैनहून आत्याने विचारलं, "दोन तास कोणाशी बोलत होता हो नाना?" नाना म्हणाले, "तुझ्या आईशी." आजी शेजारी गहू निवडत होती. तिने सूप जरा जोरात आपटलं, बस्स.

आता ती इभ्रत कुठली? लाइन बंद करा, की बाई सांगते, आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं, वगैरे. म्हणजे माणूस बंद तरी आहे, नाही तर कवरेजबाहेर तरी. बरं, तेवढंही धड साधत नाही. नंबर बंद असला तरी व्हॉट्सअॅप घरच्या वायफायवर सुरूच. भाचीचा दुपारचा डोळा लागतो न लागतो तोच जेल रोडवरून मामाचा आवाज, "फोन लागून नाही राहिला तुझा, पण ऑनलाइन दिसून राहिली आहेस."

अमेरिकेला परतताना ती मुंबईच्या विमानतळावर उलटं करते, इंदूर बंद. मग ताईच्या जिवाला घोर. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस ना फोन, ना मेसेज, ना डेटा, तर ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाच्या खिशात जातो. म्हणून ताई कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करते. खूण आली की पोरीला सांगायचं, इंदूर चालू कर, मला एक मेसेज टाक. ती टाकते. मेसेजमध्ये नुसतं टिंब असतं. ताई ती टिंबं पुसत नाही.

मला मात्र दुपारी लाइन बंद करायला जमत नाही. चालू केल्यावर मिस कॉलची रांग लागते, आणि जो तो हिशेब मागतो. त्यापेक्षा मी फोन उशाशी घेऊनच निजते. अडीचला क्रेडिट कार्डवाला मुलगा हटकून उठवतो. "मॅडम, आप सो रही थीं क्या?" मी म्हणते, "हां."

"ठीक है मॅडम, चार बजे करता हूँ."

आणि चारला करतोही.