खिडकीची जागा

"पोरी, खिडकीला बसू का गं?"

आज सांगलीहून सुटलेल्या एसटीत शेजारच्या आजोबांनी विचारलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत. तरी शून्य रुपयांचं तिकीट त्यांनी जपून घडी घालून नेहरू शर्टाच्या खिशात ठेवलं.

कृष्णेचा पूल आला. त्यांनी काच सरकवली, रुपया पाण्यात टाकला आणि डोळे घट्ट मिटून हात जोडले. अगदी लहान पोरासारखे.

"काय मागितलंत?"

"परड्यात यंदा आंब्याची कोय लावलीय. पहिला आंबा खायला मिळू दे म्हटलं."

कोयीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं तरी लागतात. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत असणार.

लहानपणी याच पुलावर मीही आईकडे रुपयासाठी हट्ट करायचे. आज नाणं हातात होतं. मागायचं काय, तेच सुचेना. पूल संपला.

तुम्ही शेवटचं कधी, काय मागितलं होतं?