शुअर नेमकं कोण?

आज भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना माझीच विकेट पडली. तिने विचारलं, 'ही इज शुअर टू विन' आणि 'ही इज शुअर दॅट ही विल विन' एकच ना? मी बेधडक 'हो' म्हटलं आणि जीभ चावली. पहिल्यात खात्री बोलणाऱ्याची. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल! दुसऱ्यात खात्री त्याची स्वतःची, बाकीचे हसत का असेनात. मराठीत 'तो जिंकणारच' म्हटलं की विषय संपला.

मग आलं 'ईगर टू प्लीज' आणि 'ईझी टू प्लीज'. साचा तोच, पण पहिला इतरांना खूश करायला धडपडतो, दुसऱ्याला इतर लोक सहज खूश करतात.

"मामा, तू दुसरा," भाची म्हणाली. "हुशार म्हटलं की झालं."