एंट्री फ्री, पाळणा वेगळा

"मामा, तू एवढी वर्षं मोबाईलवर गेम खेळतोय, मग गेममधला तुझा माणूस असा भिकाऱ्यासारखा का दिसतो?"

भाचा सहावीत आहे. नाशिकच्या जेलरोडला राहतो, रविवारी आमच्याकडे सिडकोत येतो आणि चपला काढायच्या आधी माझा मोबाईल मागतो. त्याचं म्हणणं तसं बरोबरच होतं म्हणा. लॉबीत, म्हणजे मॅच लागायच्या आधी टीम जिथे थांबते तिथे, चार जण उभे असतात, एकाला पंख, एक ममीसारखा पट्ट्या गुंडाळलेला, एकाच्या अंगावर तर दिवाळीचा आकाशकंदील पेटवलाय असं वाटतं, आणि चौथा मी, बनियनवर, जणू खाली दुधाची पिशवी आणायला उतरलोय. त्यांच्या वर्गात अशा पोराला बॉट म्हणतात म्हणे, म्हणजे माणूस नाही, कॉम्प्युटर चालवतो तो खोटा खेळाडू. मी म्हटलं, अरे मी फुकट खेळतो ना, म्हणून. तर म्हणतो, "फुकट तर सगळेच खेळतात."

आता याला काय उत्तर देणार. कारण ते खरं पण आहे आणि खोटं पण.

आमच्या वेळी (हो, आलं ते वय) हा घोळच नव्हता. कॉलेज रोडच्या एका गल्लीत तळघरात सायबर कॅफे होता, तासाला 20 रुपये, एसी फक्त नावाला, आणि दहा-बारा पीसी वायरने एकमेकांना जोडलेले. गेम एकच, काउंटर स्ट्राइक 1.6, दोन टीमचा गोळीबार. मालकाने ती सीडी कुठून आणली होती ते विचारू नका, म्हणजे फुकटेपणा आमच्या रक्तात तेव्हापासूनच आहे. पण आत बसलं की सगळे सारखे. त्या गेममध्येही पैसे होतेच, पण ते गेममध्येच कमवायचे, कुणाला मारलं की मिळायचे, राउंड जिंकला की मिळायचे, 4750 जमले की एडब्ल्यूपी घ्यायची, तो मोठा स्नायपर, आणि मेलो की गेली बंदूक, मॅच संपली की सगळे परत शून्यावर. ज्याच्या बापाची गंगापूर रोडला बिल्डिंग आणि जो सातपूरहून सायकलवर आलाय, दोघांच्या हातात तीच बंदूक. तास संपला की मालक ओरडायचा, "सात नंबर, टाइम!" आणि तुमचा खर्च तिथेच संपला. घरी जाऊन झोपा.

त्याच काउंटर स्ट्राइकच्या नव्या अवताराने 2013 च्या ऑगस्टमध्ये बंदुकांना रंग आणले. गोळी तीच, नेम तोच, फक्त रंग. आणि ते द्यायची पद्धत बघा, खेळता खेळता तुम्हाला पेटी फुकट मिळायची. फुकट! फक्त किल्ली विकत घ्यायची. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी मानलं, कारण बंद पेटी घरात पडलेली असली की माणसाला झोप येत नाही हे त्याला बरोबर कळलेलं होतं. पुढे डिसेंबर 2018 मध्ये तो अख्खा गेमच फुकट करून टाकला. त्याच्याही आधी, 2011 मध्ये, टीम फोर्ट्रेस 2 नावाचा विकतचा गेम असाच फुकट झाला होता आणि मग टोप्यांवर चालला. टोप्या! लोकांनी खऱ्या पैशांनी खोट्या माणसाला टोप्या घातल्या, आणि मराठीत टोपी घालणे म्हणजे काय ते आपल्याला माहितीच आहे.

आपल्याकडे हे सगळं आलं जिओनंतर. 2016 ला डेटा स्वस्त झाला, 2018 ला मोबाईलवर पबजी आला, आणि आमच्या अंबडच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी एरँगलवर, म्हणजे पबजीतल्या बेटावर, उडी मारणारे चार जण तयार झाले, त्यात मी एक. सुरुवातीच्या मॅचेस आठवतात, पहिल्याच दिवशी दहा-बारा मारले, मला वाटलं अरे आपण तर जन्मजात नेमबाज. नंतर कळलं की खालच्या पातळीवर बरेचसे बॉटच असतात, सरळ रेषेत पळतात, उघड्यावर उभं राहून भिंतीला गोळ्या घालतात. म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला पहिला घास गोड लागावा अशी व्यवस्था. द्राक्षवाला नाही का, एक मणी चाखायला देतो, तो कायम घडातला सगळ्यात गोड मणी असतो.

पण माझं खरं मत मला कुठे सापडलं सांगू का, कालिकेच्या यात्रेत. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर यात्रा भरते, नाशिककरांना सांगायला नको. मागच्या वर्षी भाच्याला घेऊन गेलो होतो. आत जायला तिकीट नाही. दर्शन घ्या, फिरा, धक्के खा, पिपाण्या ऐका, काही पैसे नाहीत. पाळण्यात बसायचं तर पैसे, रिंग टाकायची तर पैसे, फुगे फोडायचे तर पैसे. आणि शंभरातले किती लोक पाळण्यात बसतात? बाकीचे खाली उभे राहून वर बघत असतात. मी पण वर बघत होतो आणि एकदम डोक्यात आलं की ही खालची गर्दी नसती ना, तर वर बसलेल्याला काय मजा? रिकाम्या मैदानात रात्री दहाला एकटाच पाळण्यात गोल गोल फिरतोय, वेड लागेल माणसाला. गर्दी आहे म्हणून पाळणा आहे.

तर फुकट गेममध्ये फुकट खेळणारा हा ती गर्दी असतो. मी बनियनवर उभा आहे म्हणून शेजारच्याचे पंख दिसतात. मॅच दहा सेकंदात लागते ती माझ्यासारख्या बनियनवाल्यांमुळे, आणि त्या पंखवाल्याने कुणाला तरी मारायला हवं ना, तो पण मीच. म्हणजे मी नुसता गिऱ्हाईक नाही, मी स्टॉलवरचा माल पण आहे थोडासा. गेमिंगच्या धंद्यात खूप पैसे ओतणाऱ्या खेळाडूला व्हेल म्हणतात, देवमासा. असे देवमासे थोडेच असतात आणि बराचसा गल्ला त्यांच्यावरच भरतो. आता देवमाशाला पोहायला पाणी लागतं. आपण पाणी.

याचं मला वाईट वाटतं का, तर खरं सांगतो, नाही वाटत. यात्रेत गर्दी होऊन फिरायला मला आवडतंच की.

राग येतो तो हजेरीचा. रोज लॉगिन करा, रोज तीन मिशन पूर्ण करा, सात दिवस सलग आलात तर बक्षीस, एक दिवस खाडा पडला की परत पहिल्यापासून. अरे एक हजेरी मी कंपनीत अंगठा लावून देतो ती पुरे नाही का? आणि तो बॅटल पास. याची सुरुवात 2013 मध्ये डोटा 2 या कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धेसाठी निघालेल्या एका डिजिटल पुस्तिकेपासून धरतात, पुढे फोर्टनाइट या गेमने तो घराघरात नेला. आता पासचा हिशोब नीट समजून घ्या. तुम्ही आधी पैसे भरता, मग दीड-दोन महिने रोज काम करता, म्हणजे गाडीतून इतके मीटर जा, इतके लोक पिस्तुलाने मारा, आणि काम पूर्ण केलंत तर, ज्याचे पैसे आधीच भरलेत ते सामान तुम्हाला मिळतं. नाही केलंत तर नाही. पैसे भरून ओव्हरटाइम! आमच्या युनियनने हे ऐकलं ना तर गेटवरच बसतील. तरी आमच्यातला एक जण, हुशार माणूस, सीएनसी मशीनवर मायक्रॉनच्या मापात काम करणारा, सीझन संपत आला की थर्ड शिफ्ट करून घरी येऊन सकाळी सात ते नऊ मिशन पूर्ण करतो. बायको विचारते काय करताय, तर म्हणतो पैसे वसूल करतोय.

मी पैसे कधी घातलेच नाहीत असं पण नाही. एकदा घातले. कुठल्या गेममध्ये ते सांगत नाही, नावाला काही अर्थ नाही, सगळीकडे दुकान सारखंच असतं. एक जॅकेट होतं, साधं काळं लेदरचं, मला खरंच आवडलेलं. पण ते सरळ विकत नव्हतं, पेटीत होतं. पेटीची किंमत रुपयांत नाही, नाण्यांत. नाणी घ्यायला गेलो तर मला पाहिजेत तेवढी मिळत नाहीत, एक तर कमीचं पाकीट नाहीतर जास्तीचं. वाण्याकडे सुट्टे नसले की तो चॉकलेट देतो तसं, फरक इतकाच की चॉकलेट निदान खाता येतं, ही उरलेली नाणी अकाउंटमध्ये बसून तुमच्याकडे बघत राहतात, अजून थोडी घाल म्हणजे अजून एक पेटी येईल. पेटीवर बोट ठेवलं. ती आधी थरथरली, मग फटीतून पिवळा उजेड आला, मग एकेक चित्र सरकायला लागलं, भरभर, मग हळू, अजून हळू, जॅकेट आलं, जॅकेट मधोमध आलं, आणि एक घर पुढे सरकून थांबलं. गुलाबी पॅराशूट. बोटाला घाम आलेला होता. आता ते चित्रं सरकणं म्हणजे निव्वळ नाटक, निकाल बटण दाबलं तेव्हाच लागलेला असतो हे मला माहिती होतं, तरी मी "अर्रर्र" केलंच. असं चारदा केलं. चार पेट्यांत ते गुलाबी पॅराशूट दोनदा.

कोपऱ्यात बारीक अक्षरात टक्केवारी लिहिलेली होती, ती मी नंतर वाचली. ॲपलने डिसेंबर 2017 पासून असे चान्स लिहायला लावलेत. त्याच वर्षी एका मोठ्या स्टार वॉर्स गेमवर पेट्यांवरून जगभर बोंबाबोंब झाली होती, आणि तो तर विकतचा गेम. 2018 मध्ये बेल्जियमने सांगून टाकलं की पैसे देऊन घेतलेली अशी पेटी म्हणजे जुगारच. जपानमध्ये 2012 लाच, अशा चिठ्ठ्या काढून अख्खा सेट जमवला की मोठं बक्षीस, हा प्रकार बंद करावा लागला होता. आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, रमी-बिमी गेली, ई-स्पोर्ट्स वेगळं ठेवलं. चांगलं झालं. पण मला विचाराल तर ही पेटी म्हणजे रमीची चुलत बहीण. फक्त रमीत निदान कधीतरी पैसे परत यायचे, इथे पॅराशूट येतं.

म्हणून माझा साधा नियम आहे, कपडे विका, ताकद विकू नका. टोपी, जॅकेट, पंख, गाडीचा रंग, नाचायचे प्रकार, काय विकायचं ते विका, मला त्रास नाही. डोटा 2 मध्ये शंभरावर हिरो आहेत आणि एकालाही पैसे पडत नाहीत, सगळे सगळ्यांना खुले. याला म्हणतात दानत. पण काही गेम असे असतात की पैसेवाल्याची तलवारच मोठी, भिंत बांधायला तुम्हाला तीन दिवस आणि त्याला हिरे टाकले की तीन सेकंद. तिथे मी थांबत नाही. मिसळीच्या हॉटेलात पाव एक्स्ट्रा घेतलास तर पैसे दे, दही घेतलंस तर दे, पण पैसे देणाऱ्यालाच तर्री आणि मला पाणी असं केलंस तर मी परत येणार नाही भाऊ.

फुकटचा अजून एक तोटा कुणी फारसा बोलत नाही, तो म्हणजे हॅकर. गेमला पैसे पडले असते तर पकडला गेल्यावर चीटरला परत विकत घ्यावा लागला असता. इथे काय, अकाउंट बॅन झालं, दुसरा नंबर, दुसरा मेल, पाच मिनिटांत हजर, भिंतीपलीकडून डोक्यात गोळी. म्हणून मग 2021 मध्ये काउंटर स्ट्राइकवाल्यांनी रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठीच्या मॅच, खेळायच्या तर एकदा पैसे भरा असं केलं. आम्ही शिव्या घातल्या. पण मनात पटलं होतं.

आणि विकत घेतलेलं तरी आपलं कुठे असतं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बॅन झाला, सोबत अजून 117 ॲप. आमचा जळगावचा मित्र, त्याचे त्यात चांगले एका स्प्लेंडरच्या डाउन पेमेंटएवढे पैसे गेलेले, त्याचा फोन आला, "गेलं रे भो सगळं कपाट." नंतर 2021 च्या जुलैमध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा अवतार, आला, जुनं सामान त्यात नेता आलं, त्याने नेलं, पार्टी दिली. मग 2022 च्या जुलैत तो पण स्टोअरवरून गायब, 2023 च्या मेमध्ये परत. या सगळ्या ये-जामध्ये माझं काहीच हललं नाही. बनियन जाऊन जाऊन जाणार कुठे.

हे सगळं भाच्याला सांगितलं नाही अर्थात. त्याला यात्रेतल्या रिंगच्या स्टॉलची आठवण करून दिली, पाच रिंगा टाकल्या होत्या, पाची साबणाच्या वड्यांवरून टणकन उडून बाजूला पडल्या होत्या. म्हटलं, आठवतंय ना? तर म्हणाला, "हो, पण मामा, सहावी लागलीच असती, तूच दिली नाहीस." बहीण आतून ओरडली, त्याला एक रुपया देऊ नकोस हां. नाही दिला. त्याने माझ्या माणसाला नाव तेवढं बदलून ठेवलंय, आता लॉबीत माझ्या डोक्यावर "गरीबमामा" असं लिहून येतं. परत बदलायला गेममधलं नाव बदलायचं कार्ड लागतं, म्हणून राहू दिलंय.

रात्री साडेदहाला भांडी आवरत असताना फोन वाजला. जळगाव, पुण्याहून एक, आणि तो थर्ड शिफ्टवाला, आज त्याची सुट्टी. "गरीबमामा, ये ना लवकर, तिघं बसलोय, चौथा नाहीये." म्हटलं आलो, दोन ताटं राहिलीत.