कर्राच्या माळावर, आयर्लंडच्या घोड्यांमागे

किल्डेअर सोडलं की पाच-सात मिनिटांत कुंपणं संपतात. आयर्लंडमध्ये हे क्वचित घडतं, कारण बाकी सगळा देश दगडी बांधांनी आणि झुडपांच्या कुंपणांनी आखून ठेवलेला आहे. इथे मात्र जवळपास पाच हजार एकरांचा उघडा माळ लागतो. त्यावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, पाठीवर निळे-लाल ठिपके मारलेल्या मेंढ्या, आणि सकाळी लवकर गेलात तर रांगेने सरावाला निघालेले रेसचे घोडे. मेंढ्या रस्त्यावर येतात आणि गाड्या मुकाट थांबतात. माळाच्या एका अंगाला आयरिश लष्कराची छावणी आहे. पुण्याच्या माणसाला हा शेजार नवा नाही. आपलाही रेसकोर्स कॅम्पात, लष्कराच्या जमिनीवरच आहे.

हा कर्राचा माळ. इथल्या रेसची लिखित नोंद १७२७ पासूनची आहे, आणि आयरिश डर्बी १८६६ पासून इथेच पळते. देशातल्या पाचही क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या, रेस इथे होतात. आपल्याकडे जसं महालक्ष्मी म्हटलं की इंडियन डर्बी, तसं.

मी मावसभावाकडे आलो होतो. तो नेस गावात राहतो, म्हणजे चहूबाजूंनी घोड्यांचे फार्म, आणि इतक्या वर्षांत त्याने एकही रेस पाहिलेली नव्हती. "दादा, लोक इथे येऊन मोहरचे कडे बघतात," असं कुरकुरत का होईना, तो बरोबर आला. सप्टेंबर संपत आला होता, डर्बी-बिर्बी केव्हाच आटोपलेली. मला मुद्दामच साधा दिवस हवा होता. मोठ्या दिवशी कुठलाही रेसकोर्स झकासच दिसतो.

ग्रँडस्टँड लांबूनच दिसतो. तांबूस रंगाचं एक सपाट, लांबलचक छप्पर, खाली काच. ग्रिमशॉ या वास्तुविशारद संस्थेचं काम. २०१९ च्या मे महिन्यात तो खुला झाला आणि एकूण खर्च ८ कोटी युरोंच्या वर गेला. सुरुवातीच्या अंदाजापेक्षा तो चांगलाच फुगला होता. काम चालू असताना दोन मोसम तात्पुरत्या मांडवांत काढले, पण रेस थांबवल्या नाहीत. आणि मग उद्घाटनानंतर पहिल्याच उन्हाळ्यात छप्पर वाऱ्यात शिट्टी वाजवायला लागलं! उघड्या माळावर वारा असणार हे मेंढ्यांनाही ठाऊक असावं. पुढे ते दुरुस्त केलं. मी गेलो त्या दिवशी भरपूर वारा होता, छप्पर गप्प होतं.

आतली व्यवस्था खरोखर सुरेख आहे. पॅडॉकमध्ये घोडे फिरताना हाताच्या अंतरावरून दिसतात, तिथून चार पावलांवर जॉकींचं वजनघर, आणि वळलात की ट्रॅक. ट्रॅक उजव्या हाताचा, शेवटचे तीन फर्लांग चढाचे. टीव्हीवर हा चढ कळत नाही. कठड्याशी उभं राहिलं की कळतो, कारण शेवटच्या दीड-दोनशे मीटरमध्ये घोड्यांचा श्वास भात्यासारखा ऐकू येतो आणि पुढे असलेला घोडा एकदम जागच्या जागी पळू लागल्यासारखा वाटतो.

पण माणसं? तेरा हजारांसाठी बांधलेल्या जागेत त्या दिवशी थोडीच माणसं विखुरलेली होती. वरच्या मजल्यावर मालकांच्या आणि पाहुण्यांच्या जेवणाच्या खोल्या, खाली कठड्याशी उभे राहणारे आम्ही. शेजारच्या टोपीवाल्या आजोबांना मी विचारलं, जुना स्टँड बरा होता की हा? ते म्हणाले, "जुना पडायला आला होता. पण त्यात पावसात कुठे उभं राहायचं हे मला माहीत होतं." नव्या स्टँडवरची याहून नेमकी टीका मी ऐकली नाही. तो घोडे ठेवणाऱ्यांना समोर ठेवून बांधलाय. दहा युरो लावून दुपार घालवणाऱ्याचा विचार त्यात नंतर कधीतरी झाला असावा.

स्टँडवरचं नाव वाचून मी थबकलो. आगाखान स्टँड. हॉटेलची लगतची जमीन विकत घेऊन रेसकोर्सला देणारे ते चौथे आगाखान, २०२५ च्या फेब्रुवारीत लिस्बनमध्ये वारले. त्यांचे आजोबा, तिसरे आगाखान, मुंबईत वाढले. घराण्याचा रेसच्या घोड्यांचा तबेला मुंबईतच होता. येरवड्याचा आगाखान पॅलेस त्यांनीच १८९२ मध्ये बांधला. आपण तो गांधीजींच्या नजरकैदेमुळे ओळखतो. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी इथे, कर्राच्या आसपास स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचे फार्म, घेतले, आणि त्याच सुमारास विकत घेतलेल्या एका राखाडी घोडीचं नाव होतं मुमताज महल. तिच्या वंशातला शेरगर हा घोडा १९८१ ची आयरिश डर्बी जिंकला. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री माळालगतच्या बॅलीमनी फार्ममधून बुरखाधारी बंदूकवाल्यांनी त्याला पळवून नेलं. तो परत सापडला नाही. आयआरए या सशस्त्र संघटनेचं हे काम, असं सगळेच धरून चालतात. भावाला ही गोष्ट सांगितल्यावर मात्र त्याचा रेसमधला रस एकदम वाढला.

कर्राचं आधुनिक होणं २०१९ चं नव्हेच, हे मला त्या टोपीवाल्या आजोबांमुळे आठवलं. १९६२ मध्ये जो मॅग्रा नावाच्या माणसाने आयरिश डर्बीला हॉस्पिटल स्वीपस्टेक्सच्या सोडतीची जोड दिली. या सोडतीची तिकिटं जगभर, बऱ्याच देशांत बेकायदाच, विकली जात. एका फटक्यात बक्षीस इतकं वाढलं की इंग्लंड-फ्रान्समधले उत्तम घोडे कर्रावर यायला लागले. ती पहिली स्वीप्स डर्बी फ्रान्सहून आलेल्या टँबोरीनने जिंकली, ट्रेनर एतिएन पोले. त्यानंतर १९९३ मध्ये इथल्याच डर्मट वेल्ड यांनी व्हिंटेज क्रॉप हा घोडा विमानाने नेऊन मेलबर्न कप जिंकला. उत्तर गोलार्धात तयार केलेल्या घोड्याने तो कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. या दोन्ही गोष्टींना एकही नवी इमारत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टलीला, आयरिश नॅशनल स्टडवर गेलो. ही सरकारी कंपनी आहे. सरकारच्या मालकीचे पैदाशीचे घोडे, सरकारी कुरणं, आणि तिकीट काढून ते बघायला आलेली शाळेची मुलं. १९०० मध्ये कर्नल विल्यम हॉल वॉकर याने हे फार्म सुरू केलं. तो ज्योतिषाचा पक्का भक्त. प्रत्येक शिंगराची कुंडली मांडायचा, ग्रह बरे नसले की विकून टाकायचा. घोड्यांवर चंद्र-ताऱ्यांचा प्रभाव पडावा म्हणून त्याने तबेल्यांच्या छपरांना झरोके ठेवले. ते अजून आहेत. भाऊ म्हणाला, "आपल्याकडे असता तर राहुकाळ बघून रेस लावली असती." हसू नका. याच फार्मवर पैदा झालेला मिनोरू १९०९ ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी राजा सातव्या एडवर्डसाठी जिंकला. मिनोरू हे नाव इथली जपानी बाग करणाऱ्या माळ्याच्या मुलाचं. बाग अजून आहे, आणि घोड्यांकडे ढुंकूनही न बघणारे पर्यटक तेवढीच बघून जातात.

झरोक्यांमधून येणारा उजेड बघताना आमच्या मार्गदर्शक बाईंनी जे सांगितलं ते मला स्टँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटलं. उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेडचा, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचा, अधिकृत वाढदिवस १ जानेवारी. त्यामुळे शिंगरू जितकं जानेवारीच्या जवळ जन्मेल तितकं बरं, नाहीतर दोन वर्षांच्यांच्या रेसमध्ये ते चार महिन्यांनी मोठ्या घोड्याशी पळणार. पण घोडी माजावर येते दिवस मोठा व्हायला लागल्यावर, आणि गाभण राहते अकरा महिने. म्हणून डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून दिवस कृत्रिम रीतीने लांबवतात. आता युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या संशोधनातून एक मुखवटा निघालाय. त्यातला निळा दिवा घोडीच्या एकाच डोळ्यावर प्रकाश टाकतो आणि घोडी कुरणात चरत राहू शकते. कर्नलसाहेब उजेडाबद्दल बरोबर होते, फक्त तारे चुकीचे धरले होते. कृत्रिम रेतन मात्र थरोब्रेडमध्ये जगभर निषिद्धच. घोडा-घोडी प्रत्यक्ष भेटलीच पाहिजेत, मग त्यासाठी घोडीला ट्रकमधून कितीही लांब न्यावं लागो.

जन्मल्यावर शिंगराच्या मानेत चिप बसते, डीएनए तपासून आई-बाप पक्के केले जातात, पासपोर्ट निघतो. ऐकायला चोख. पण २०२४ च्या जूनमध्ये आरटीई या सरकारी वाहिनीने किल्डेअरमधल्याच एका कत्तलखान्यातले घोड्यांचे हाल आणि चिपच्या ओळखीतले गैरप्रकार छुप्या कॅमेऱ्याने दाखवले, तेव्हा जन्माची नोंद इतकी काटेकोर आणि शेवटाची इतकी ढिली कशी, असा प्रश्न देशभर विचारला गेला. मार्गदर्शक बाईंनी तो विषय टाळला. त्यांचं काम त्या जागी ते नव्हतंही.

परतताना किल गावात गॉफ्सच्या लिलावघरात शिरलो. कुणीही शिरू शकतं, फक्त नाक खाजवताना जपावं. ऑर्बी सेल चालू होता, म्हणजे वर्षाच्या शिंगरांचा मोठा लिलाव. गोल रिंगण, मोतद्दार शिंगराला फिरवतोय, वर फलकावर आकडे चढताहेत, युरो, डॉलर, येन. मागच्या खुर्चीतला माणूस नुसती भुवई उचलतो आणि लाख युरो पुढे सरकतात. इथे येऊन या देशातल्या घोड्यांचं गणित समजतं. १९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी पैदाशीच्या घोड्यांच्या फीवरचा आयकर माफ केला. ही सवलत २००८ पर्यंत चालली. तेवढ्या काळात जगातले उत्तम घोडे आयर्लंडमध्ये येऊन राहिले. घोडा इथे शेतमाल आहे. रेसिंगचा कारभार पाहणारी हॉर्स रेसिंग आयर्लंड ही संस्था २००१ पासून आहे आणि ती कृषी खात्याच्या हाताखाली येते. बेटिंगवर कर २ टक्के, तो भरायचा बुकीने. घोडे आणि कुत्र्यांच्या रेससाठी जो सरकारी निधी आहे त्यातला ८० टक्के घोड्यांना. अब्जाधीश मालकांना जनतेचा पैसा कशाला, हा वाद दर बजेटला होतो, आणि मला तो रास्त वाटतो. पण वाद कृषीच्या तक्त्यात होतो, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे तो दोनच तक्त्यांत होतो, जुगार आणि जमीन. रेसच्या बेटिंगवर जीएसटी आधी २८ टक्के, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४०. महालक्ष्मीच्या २११ एकरांचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला तो अकरा वर्षं लटकला आणि शेवटी १२० एकर उद्यानासाठी पालिकेकडे गेले. उद्यानाला माझा विरोध नाही, मुंबईला श्वास हवाच. पण त्या सगळ्या चर्चेत पुण्याजवळच्या स्टड फार्मवर राबणाऱ्या माणसांचं नाव मी फारसं ऐकलं नाही.

शेवटी शुक्रवारी रात्री डब्लिनहून रेल्वेने उत्तरेला डंडॉकला गेलो. हे ठिकाण कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत सापडणार नाही. २००७ मध्ये इथे आयर्लंडचा पहिला ऑल-वेदर ट्रॅक झाला. गवताऐवजी वाळू, धागे आणि मेण यांचं मिश्रण, वर फ्लडलाइट. त्याच आवारात कुत्र्यांच्या रेसचा ट्रॅक. पाऊस धोधो पडत होता आणि रेस ठरल्या मिनिटाला सुटत होत्या. कठड्याशी आम्ही दोघं आणि छत्रीखाली एक जोडपं, बस. बाकी मंडळी वर काचेआड जेवत होती. रेस चालली होती ती कॅमेऱ्यांसाठी, कारण चित्रणाचे हक्क बेटिंगच्या दुकानांना विकून रेसकोर्स पैसा मिळवतो. हिवाळ्यात ट्रेनरना, जॉकींना, मोतद्दारांना काम राहतं ते यामुळे. मला हे दृश्य आवडलं नाही, पण डंडॉक नसता तर किती छोटे तबेले बंद पडले असते, असंही मनात आलंच. नुसत्या भव्य स्टँडवर विसंबणाऱ्यांनी सिंगापूरकडे बघावं. तिथे सुमारे ५० कोटी सिंगापूर डॉलर ओतून क्रांजीचा रेसकोर्स बांधला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची रेस पळवली, कारण जमीन घरांसाठी सरकारला परत द्यायचं ठरलं.

भावाने शेवटच्या रेसमध्ये आयुष्यातला पहिला डाव लावला, पाच युरो, घोड्याचं नाव आवडलं म्हणून. मी त्याला आधीच्या रेस कशा वाचायच्या ते समजावत होतो, तो ऐकत नव्हता. घोडा तिसरा आला. विनवर, म्हणजे घोडा पहिला येण्यावर, लावलेले असल्याने काहीच मिळालं नाही. "तिसरा आला तरी पैसे गेले?" त्याने बुकीला विचारलं. बुकीने ओल्या पाटीवरचे आकडे पुसता पुसता सांगितलं की पुढच्या शुक्रवारी प्लेसवर, म्हणजे पहिल्या काहींत येण्यावर, लाव. परतीच्या गाडीत तो मोबाइलवर पुढच्या शुक्रवारचं कार्ड उघडून बसला होता. त्यावर वहिनीचं काय म्हणणं पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.