स्क्रीनिंगचा फायदा मोजायचा तर मृत्यू मोजा

कॅन्सर तपासणी शिबिरांच्या अहवालात एक ओळ बहुतेक वेळा असते: आमच्याकडे सापडलेल्या रुग्णांपैकी इतके टक्के पाच वर्षांनंतरही हयात. आकडा खरा असतो, पण तपासणीमुळे कोणाचा जीव वाचला का, हे त्यावरून कळत नाही.

समजा, एका बाईला 59व्या वर्षी गाठ हाताला लागली आणि 62व्या वर्षी ती गेली. तीच गाठ शिबिरात 56व्या वर्षी सापडली आणि तरीही ती 62व्या वर्षीच गेली, तर 'पाच वर्षे जगली' या रकान्यात ती जमा होते. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. वाढली ती आजार माहीत असण्याची वर्षं. शिवाय हळू वाढणाऱ्या गाठी जास्त काळ 'सापडण्याजोग्या' राहतात, म्हणून शिबिराच्या जाळ्यात त्याच जास्त येतात. झपाट्याने वाढणाऱ्या दोन फेऱ्यांच्या मधेच लक्षणं घेऊन येतात. त्यामुळे सापडलेल्यांचा गट मुळातच सौम्य आजाराचा असतो.

यावर खात्रीचा उपाय एकच. चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडायचे, एका गटाला तपासणीला बोलवायचं, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हीकडचे त्या कॅन्सरचे मृत्यू मोजायचे. बोलावूनही न आलेल्या बाया बोलावलेल्या गटातच धरायच्या. त्यांना वगळलं की हिशेब बिघडतो, कारण तपासणीला येणाऱ्या आणि न येणाऱ्या बाया मुळात सारख्या नसतात. मृत्यूचं कारण ठरवणाऱ्याला ती बाई कोणत्या गटातली, हे कळता कामा नये.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी या दृष्टीने बारकाईने वाचावी अशी आहे. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, गावांचे 52 समूह, चार गट: एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी), पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि नेहमीची सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, 8 वर्षांत एचपीव्ही गटात (34,126 बाया) 127 कॅन्सर निघाले, नियंत्रण गटात, म्हणजे नेहमीच्या सेवेच्या गटात (31,488) 118. नुसतं एवढंच पाहिलं तर तपासणी वाया गेली असं वाटेल. पण दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले कॅन्सर होते 39 विरुद्ध 82, आणि मृत्यू 34 विरुद्ध 64. म्हणजे हजार बायांमागे मृत्यू सुमारे दोनावरून एकावर आला. निदानांची संख्या घटली नाही, कारण आधीपासून लपलेले कॅन्सरही तपासणीने उजेडात आणले. पॅप आणि ॲसेटिक ॲसिड या दोन गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

आखणीत सगळ्यात जास्त चूक होते ती समूहांच्या हिशेबात. चिठ्ठी बाईच्या नावाने नाही, गावांच्या समूहाच्या नावाने निघते. एका गावातल्या बायांचं राहणीमान, दवाखान्याचं अंतर, लग्नाचं वय मिळतंजुळतं असतं, म्हणून प्रत्येक जण पूर्णपणे नवी माहिती देत नाही. नमुना किती पट वाढवायचा, याचं सूत्र: 1 + (m − 1) × ρ. m म्हणजे समूहातली सरासरी संख्या, ρ म्हणजे समूहातल्या लोकांचं एकमेकांशी असलेलं साम्य. उस्मानाबादला m सुमारे 2,534 येतो. ρ उदाहरणादाखल 0.001 धरला, तर गुणक 3.53. म्हणजे 1,31,746 बायांची माहिती सुमारे 37,300 सुट्या बायांइतकी. ρ इतका नगण्य वाटतो की तो शून्य धरण्याचा मोह होतो, आणि तिथेच नमुना तोकडा पडतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेल्या स्तनांच्या कॅन्सरच्या चाचणीत 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बाया होत्या, पण समूह फक्त 20, म्हणजे m सुमारे 7,577. तोच ρ धरला तर गुणक 8.58, आणि उरतात सुमारे 17,700. बाया जास्त असूनही माहिती कमी! म्हणून पैसा मर्यादित असेल तर समूह मोठे करण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवा.

याच चाचणीत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली. 20 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 साली आलेल्या निकालात स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण दोन गटांतल्या मृत्युदरांच्या गुणोत्तराची विश्वासमर्यादा (खरं गुणोत्तर ज्या पल्ल्यात असावं असं धरतात, तो पल्ला) 0.71 ते 1.01 होती, 1 ला ओलांडणारी, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो. 50 आणि त्यापुढच्या वयात घट जवळजवळ 30 टक्के, मर्यादा 0.54 ते 0.94. बातम्यांत हाच आकडा गाजला. मात्र वयाची ही विभागणी मागाहून केलेली होती, आधी ठरवलेली नव्हती. मागाहून पाडलेल्या तुकड्यांत एखादा निव्वळ योगायोगानेही उजळ दिसू शकतो. मला हा निष्कर्ष पटण्याजोगा वाटतो, पण सिद्ध म्हणणार नाही. तो सिद्ध करायचा तर पुढच्या चाचणीच्या आराखड्यातच '50 आणि पुढे' हा गट लिहून ठेवावा लागेल आणि नमुन्याचा आकार त्या गटातल्या अपेक्षित मृत्यूंवरून काढावा लागेल.