सबवूफरचा अॅम्प्लिफायर आत असावा की बाहेर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट असो की पाचगावचा बंगला, होम थिएटरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: आत अॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (खोल बेस वाजवणारा स्पीकर) घेऊ, की पॅसिव्ह, म्हणजे आत अॅम्प्लिफायर नसलेला, घेऊन बाहेरून वेगळा अॅम्प्लिफायर लावू? घरासाठी आतलाच घ्या. बाहेरचा त्यानं लावावा, जो सबवूफरचा खोका स्वतः बनवून घेतोय.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंती बघून बेस म्हणजे वॉट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबल. तेवढा फरक जेमतेम जाणवतो. आतल्या अॅम्प्लिफायरचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. तो त्याच ड्रायव्हरसाठी (खोक्यात बसवलेला कोन आणि कॉइलचा स्पीकर), त्याच खोक्यासाठी जुळवलेला असतो. समजा, पोर्टचा, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला, खोका 30 हर्ट्झला ट्यून केलाय. त्याच्या खालचा बेस आला की कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही, थोड्या पॉवरलाही तो हद्दीबाहेर हलायला लागतो. एखाद्या सिनेमातला स्फोट, आणि कॉइल आपटते. चांगल्या कंपनीनं हे अडवणारा फिल्टर आणि लिमिटर आतच दिलेला असतो. बाहेरून नुसता पॉवर अॅम्प्लिफायर जोडला की ते काम तुमच्या गळ्यात. डीएसपी (आवाजाला डिजिटल फिल्टर लावणारं यंत्र) घ्या, माइक लावून मोजा, ओहम (कॉइलचा विजेला होणारा रोध) जुळवा. 4 ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की 2 ओहम होतात, आणि ते सगळ्याच अॅम्प्लिफायरना झेपत नाही. शिवाय स्टेजच्या अॅम्प्लिफायरचा पंखा शांत प्रसंगात कानाला टोचतो.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. एव्ही रिसीव्हरच्या (होम थिएटरचे बाकीचे स्पीकर चालवणारा मुख्य डबा) मागच्या ‘सब आउट’मधून फक्त सिग्नल निघतो, पॉवर नाही. तिथं पॅसिव्ह सबवूफर थेट चालत नाही.

आतल्याची दुखरी बाजू म्हणजे दुरुस्ती. बोर्ड बिचारा कायम थरथरत्या खोक्यात राहतो, सोल्डर सुटतं, कॅपॅसिटर फुगतात. अॅम्प्लिफायर बसवलेल्या मागच्या प्लेटचे स्क्रू काढून ती बाहेर ओढली तर कडेला फोमची पट्टी दिसेल. ती जपा. परत बसवताना फाटली तर फटीतून हवा फुसफुसते आणि चांगला बेसही घाण वाटतो. बोर्ड मिळतच नसेल तरी खोका भंगारात घालू नका. प्लेटची जागा प्लायवूडनं हवाबंद बुजवा, ड्रायव्हरच्या वायरी टर्मिनलवर काढा आणि मग बाहेरचा अॅम्प्लिफायर लावा. ड्रायव्हर शाबूत असेल तर हा मार्ग मला मनापासून पटतो. फिल्टरचं तेवढं विसरू नका.

आणि कोल्हापुरात राहताय म्हणून एवढं कराच: वळवाच्या पावसाचं आभाळ भरून आलं की पिन सॉकेटमधून काढून ठेवा. ऑटोवर (सिग्नल आला की आपोआप चालू) ठेवलेला सबवूफर झोपलेला दिसला तरी प्लेटमध्ये वीज खेळत असते.