समुद्र नसलेल्या गावातली नेव्ही

लोणावळ्यात वाढलेल्या माणसाला जमिनीवरच्या जहाजाचं काही नवल वाटत नाही. भुशी डॅमकडे जाताना आयएनएस शिवाजी लागतं आणि दर पावसाळ्यात आमच्याकडे आलेला कोणीतरी पाहुणा विचारणारच, अरे इथे घाटावर जहाज कुठंय? आता ते नेव्हीचं इंजिनियरिंग ट्रेनिंगचं ठिकाण, १९४५ पासूनचं, नाव जहाजाचं पण भिजतं फक्त पावसात.

तरी विनिपेगला आल्यावर मीपण तोच पाहुण्याचा प्रश्न विचारला. फोर्क्सला, म्हणजे रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमाकडे फिरायला गेलो होतो, तिथे जवळच एका बिल्डिंगवर पाटी, एचएमसीएस चिपवा. एचएमसीएस म्हणजे आपल्या आयएनएससारखं, कॅनडाच्या नेव्हीच्या जहाजाच्या नावाआधी लागतं ते. हे शहर कॅनडाच्या पार मधोमध, चहूकडे गव्हाची शेतं, सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे उत्तरेला चर्चिलला हडसन बे, तो हजारेक किलोमीटर लांब आणि तिथवर रस्तासुद्धा जात नाही, ट्रेन नाहीतर विमान. मग इथे नेव्ही करते काय?

आमच्या ऑफिसातला एक अकाउंटंट तिथे जातो, त्याला धरलं. म्हणाला आम्ही रिझर्व्हवाले, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून नेव्हीत, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि अधूनमधून वीकएंड, पगार मिळतो, उन्हाळ्यात किनाऱ्यावर जाऊन खऱ्या बोटीवर ट्रेनिंग. आत गेलं की जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली, आणि घरी निघालं की 'अशोर', म्हणजे किनाऱ्यावर, जातो म्हणायचं. बाहेर उणे ३० असताना!

मग मी वाचत बसलो आणि गोष्ट भारी निघाली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने नेव्हीचं बजेट इतकं कापलं, १९२२ला १५ लाख डॉलरवर आणलं, की ती जवळजवळ बंदच पडायची वेळ आली. तेव्हाचे प्रमुख वॉल्टर होज यांनी क्रूझर आणि पाणबुड्या सोडून दिल्या आणि उरलेल्या पैशातून १९२३ला व्हॉलंटियर रिझर्व्ह काढलं, गावोगावी छोट्या तुकड्या. विनिपेगची तुकडी त्याच वर्षीची, नाव होतं विनिपेग हाफ कंपनी (अर्धीच कंपनी, बिचारी). माणसं तयार करणं हे झालंच, पण होज यांचा खरा डाव मला वेगळाच वाटतो. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्या खासदाराला नेव्हीची काय पडलीय? पण शेजारच्याचा पोरगा युनिफॉर्म घालून ड्रिलला जायला लागला की पडते. राजकारणीच माणूस, चांगल्या अर्थाने.

आणि डाव लागला. १९३९ला युद्ध सुरू झालं तेव्हा कॅनडाकडे डिस्ट्रॉयर सहाच होत्या, पण भरती करायला जागा आणि शिकवायला माणसं प्रत्येक मोठ्या शहरात तयार. युद्ध संपेपर्यंत लाखाच्या आसपास लोक नेव्हीतून गेले, त्यातले बहुतेक याच व्हॉलंटियर रिझर्व्हचे. ऑफिसरांच्या बाहीवरच्या पट्ट्या नागमोडी असायच्या म्हणून त्यांना वेव्ही नेव्ही म्हणायचे. शेतावरून उठून आलेली पोरं कॉर्व्हेट नावाच्या इवल्याशा युद्धनौकांवर बसून अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांच्या मागे, उलट्या करत करत. १९४१ला विनिपेगच्या तुकडीला चिपवा नाव मिळालं, १८१२च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाच्या काळात ग्रेट लेक्सवर असलेल्या जहाजाचं.

आता अशी २४ युनिट्स आहेत देशभर. १९९६पासून किंग्स्टन क्लासची १२ छोटी जहाजं आली त्यांच्यावर सुरुवातीला बहुतेक क्रू रिझर्व्हचाच असायचा. आणि विनिपेगकरांना विचाराल तर १९९७चा रेड रिव्हरचा पूर आधी आठवतो. तेव्हा समुद्रच चालत गावापर्यंत आला म्हणायचा, आणि नेव्हीच्या बोटी शेतांमधून फिरत होत्या.

चिपवाच्या बिल्डिंगमध्येच छोटं नेव्ही म्युझियम आहे. लोणावळ्याला फोनवर बाबांना हे सगळं रंगवून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण शेजारी धरण आहे का?"